वर्तनदोषी मुलांची स्वक्षमतेची जाणीव : शिंदखेडा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

(१)

खानदेशातील शिंदखेडा हे तापीच्या दक्षिणेकडील एक तालुक्याचे ठिकाण. सुरतेहून अमळनेरकडे येणाऱ्या ताप्ती व्हॅली रेल्वेने ते १९०० च्या सुमारास बाहेरच्या जगाशी जोडले गेले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा हा तालुका पश्चिम खानदेशात गेला. आज तो धुळे जिल्ह्यात मोडतो. कापूस, ज्वारी, बाजरी ही येथील पिके आणि अहिराणी ही घरोघरची बोली. अशा गावातील एखादा मुलगा वर्गातून वारंवार पळून जातो, सोबत्यांशी मारामारी करतो किंवा दुकानातील जिन्नस उचलतो, तेव्हा त्याची नोंद तीन ठिकाणी होण्याचा संभव असतो : शाळेच्या हजेरीपटावर, पोलीस ठाण्याच्या दप्तरात आणि क्वचित प्रसंगी एखाद्या रुग्णालयाच्या कागदावर. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, याविषयी त्या मुलाचे स्वतःचे मत काय आहे, याची नोंद मात्र सहसा कोठेच होत नाही.

ही उणीव आजची नव्हे. मुंबई इलाख्यात व पुढे महाराष्ट्रात अशा मुलांविषयी गेली पावणेदोनशे वर्षे कायदे झाले, संस्था निघाल्या, परीक्षणाची साधने तयार झाली. या दीर्घ काळात मुलाच्या क्षमतेचा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. परंतु तो निरनिराळ्या अर्थांनी उपस्थित झाला. कायद्याने मुख्यतः मुलाची अपकृत्याची क्षमता मोजली. मुलाला आणखी काय करता येईल आणि त्याविषयी त्याची स्वतःची समजूत काय आहे, हा प्रश्न शिक्षकांकडून व मानसशास्त्रज्ञांकडून, आणि तोही बऱ्याच उशिरा, विचारला गेला. या दोन प्रश्नांमधील अंतर कसे निर्माण झाले आणि ते कितपत कमी झाले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सुधारशाळा व बालमार्गदर्शन केंद्रे मुंबईसारख्या शहरांत निघाली. शिंदखेड्यासारख्या ठिकाणी कायदा पोहोचला, पण त्याचा अर्थ लावण्याचे काम बहुतेक वेळा शाळामास्तरांवर पडले. म्हणूनच या विचाराची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते.

(२)

मराठीत अशा मुलांसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. उनाड, वांड, द्वाड, हूड, व्रात्य असे कितीतरी शब्द रूढ आहेत. त्यांतील 'व्रात्य' हा शब्द मूळचा संस्कारबाह्य माणसाचा वाचक. पुढे तो खोडकर मुलाला लागू झाला. या शब्दांत दोष आहे, क्वचित कौतुकही आहे. परंतु रोग नाही आणि गुन्हाही नाही. उनाड मूल मोठेपणी सुधारेल अशी अपेक्षा त्या शब्दातच गृहीत धरलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या बोलीतील वर्गवारीशेजारी एक शासकीय वर्गवारी उभी राहिली.

१८५० च्या उमेदवारीविषयक कायद्याने दहा ते अठरा वर्षे वयाच्या अनाथ, दरिद्री किंवा किरकोळ अपराध केलेल्या मुलांना कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची व्यवस्था केली. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाने निघालेली औद्योगिक सुधारशाळा याच विचाराची. हाताला धंदा मिळाला म्हणजे वळण लागेल, ही त्यामागील श्रद्धा होय. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने मात्र वेगळा प्रश्न विचारला. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य अपराध ठरत नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम जाणण्याइतकी पक्वता त्याच्या ठिकाणी आली होती की नाही हे पाहावे, असे त्या संहितेने ठरविले. तत्त्वतः हा नियम उदारच होय. तथापि मुलाच्या आकलनाची चौकशी येथे त्याच्या अपराधापुरतीच मर्यादित राहिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयी अपराध्याला इतर शिक्षेऐवजी छडीचे फटके देण्याची सोय ठेवली. ती पद्धती १९५५ साली रद्द झाली.

१८७६ व १८९७ या साली सुधारशाळांचे कायदे झाले. दुसऱ्या कायद्यान्वये पंधरा वर्षांखालील मुलाला कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येत असे. अठरा वर्षांनंतर मात्र ठेवता येत नसे. या मुदतीचा हिशोब पाहिला म्हणजे त्यामागील तत्त्व ध्यानात येते. मुदत अपराधाच्या गांभीर्यावरून ठरत नसून वळण लागण्यास किती काळ लागेल, या अंदाजावरून ठरत होती. वळण लावणाराने आपला अंदाज सांगावा. वळण घेणाऱ्याचा अंदाज कोणी विचारीत नव्हते.

(३)

यापेक्षा कठोर असे एक उदाहरण याच काळात घडले. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करण्याचा मार्ग मोकळा झाला. खानदेशासह अनेक जिल्ह्यांत भटकणाऱ्या फासेपारध्यांसारख्या जमाती त्याच्या कक्षेत आल्या. सोलापूर, हुबळी, विजापूर इत्यादी ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती झाल्या. मुलांना आईबापांपासून वेगळे करून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिला होता.

येथे मुलाने काही केलेले असण्याची आवश्यकता उरली नव्हती. त्याची अपकृत्याची क्षमता जन्मतःच सिद्ध मानली गेली होती. पारध्याचे पोर माग काढणे, फासे लावणे, पाखरांचे आवाज ओळखणे या गोष्टी लहानपणीच शिकते. कुटुंबात ते कुशल ठरते. पण वसाहतीच्या नोंदवहीत तेच कौशल्य संशयाचे कारण होते. एकाच मुलाला एका प्रांगणात कर्तबगार आणि दुसऱ्या प्रांगणात जन्मजात दोषी ठरविणारी ही व्यवस्था मुंबई राज्यात १९४९ साली आणि सर्व देशात १९५२ साली कायद्याने संपुष्टात आली. तिने निर्माण केलेला संशय मात्र कायद्याबरोबर संपला नाही. आजही या समाजातील मूल शाळेत येते तेव्हा गुरुजींच्या मनातील जुनी नोंद त्याच्या आधी वर्गात येऊन बसलेली असण्याचा धोका असतो.

(४)

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दृष्टिकोन बदलू लागला. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत अशी शिफारस केली. मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) यांच्यामागून मुंबईत १९२४ साली मुलांचा कायदा झाला आणि १९२७ साली बाल साहाय्य समितीच्या स्थापनेनंतर मुंबई शहरात त्याच्या अंमलबजावणीला संस्थात्मक आधार मिळाला. अपराधी मुलाबरोबर निराधार मुलाचाही विचार या कायद्यात होता. १९४८ च्या सुधारित कायद्याने हीच व्यवस्था पुढे नेली आणि रिमांड होम, परिवीक्षा अधिकारी, जिल्हा परिवीक्षा व अनुरक्षण संघटना हे शब्द जिल्ह्याच्या ठिकाणी ऐकू येऊ लागले.

मुलाची स्वतःची हकीकत ऐकण्याची पद्धत या चौकटीत दुसऱ्या मार्गाने आली. अमेरिकेत शिकागो येथे १८९९ साली पहिले बालन्यायालय निघाले आणि १९०९ साली विल्यम हीली यांनी तेथे मुलांच्या मानसिक परीक्षणाचे केंद्र उघडले. मुलाने आपल्या शब्दांत सांगितलेली कहाणी हा परीक्षणाचा एक भागच होय, असे हीली मानीत. या परंपरेतील बालमार्गदर्शन केंद्र भारतात प्रथम १९३७ साली मुंबईत सुरू झाले. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे पुढील टाटा समाजविज्ञान संस्थेने, ते सुरू केले. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून एकाच मुलाचा विचार करावा, ही कल्पना त्यात होती. याच सुमारास व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्यांचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला.

अशा रीतीने मुलाची बुद्धी मोजण्याचे साधन मराठीत आले आणि मुलाची कहाणी ऐकण्याचे स्थानही निर्माण झाले. तरीही या दोहोंच्या मधला एक प्रश्न मोकळाच राहिला. बुद्ध्यंक हे परीक्षकाचे मोजमाप होते आणि कहाणी ही घडलेल्या गोष्टींची होती. 'मला हे जमेल' किंवा 'मला हे कधीच जमणार नाही' हा मुलाचा स्वतःविषयीचा निर्णय दोन्हींत अप्रत्यक्षपणेच येत होता.

(५)

मुंबईत हे प्रयोग होण्यापूर्वी शिंदखेड्याच्याच रेल्वेमार्गावर, अमळनेर येथे, एका शिक्षकाने या प्रश्नाला वेगळ्या रीतीने हात घातला होता. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने हे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून आले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी त्यांनी ही नोकरी सोडली. या अवघ्या सहा वर्षांत 'साने सर' हे खानदेशातील मुलांच्या आठवणीत कायमचे राहिले. छात्रालयातील मुले अपराधी नव्हती, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. ती खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली साधी मुले होती. परंतु घरापासून दूर राहणारी, शहरी शाळेत बुजणारी, आळस, चोरटेपणा, हट्ट इत्यादी सर्व बालसुलभ दोष असणारी अशीही ती होती.

सान्यांनी छात्रालयात एक हस्तलिखित दैनिक चालविले. खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, कपडे धुणे अशी मुलांनी टाळलेली कामे ते स्वतः निमूटपणे करीत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींतून दिसते. या वर्तनाकडे केवळ साधुत्व म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. शिक्षणाच्या दृष्टीने त्यात आणखी एक मर्म आहे. शिक्षक बोलत नाही, तेव्हा मुलावर 'आळशी' असा शिक्का बसत नाही. काम मात्र त्याच्यासमोर उरते, आणि ते त्याच्या आवाक्यातले असते. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः खोली झाडतो, तेव्हा आपल्याला हे जमते हा अनुभव त्याला कोणाच्या प्रमाणपत्रावाचून मिळतो.

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकातही हेच सूत्र आढळते. श्याम पोहायला भितो, लपून बसतो. पत्रावळ लावता येत नाही म्हणून खजील होतो. दोन्ही प्रसंगांचा शेवट उपदेशावर न होता कौशल्य हस्तगत होण्यावर होतो. पोहण्याच्या प्रसंगी आईच्या हातात शिपटी आहे, हे विसरून चालणार नाही. आजचे शिक्षणशास्त्र त्या शिपटीचे समर्थन करणार नाही. तरीपण 'भित्रा' हा शिक्का मुलाला कायमचा चिकटू नये ही त्या आईची चिंता होती, आणि ती चिंता शास्त्रशुद्धच होती. सान्यांच्या एका कादंबरीचे 'धडपडणारी मुले' हे नावही या दृष्टीने बोलके आहे. त्यात मुलांची ओळख यशावरून किंवा अपयशावरून न होता प्रयत्नावरून होते.

याला जवळचे दुसरे उदाहरण ठाणे जिल्ह्यातील त्या वेळच्या कोसबाड येथील. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसून आले, तेव्हा 'ही मुले शिकण्यास नालायक' असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. शाळाच कुरणावर नेण्यात आली आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. ज्या जागी मूल आधीच कर्तबगार होते, त्या जागेवरून शिक्षणाचा आरंभ झाला.

(६)

शिक्षकांनी आचरणातून ओळखलेल्या या गोष्टीला मानसशास्त्रात नाव व मोजमाप मिळण्यास बराच काळ लागला. विल्यम जेम्स यांनी १८९० साली आत्मसन्मानाचे एक सूत्र मांडले होते : यशाला आकांक्षेने भागावे, म्हणजे आत्मसन्मान मिळतो. यश वाढवून जसा तो वाढतो, तसाच आकांक्षा सोडून दिल्यानेही वाढतो. 'शाळेशी मला काय करायचे आहे?' असे म्हणणाऱ्या मुलाच्या बेफिकिरीचे गणित या सूत्रात सापडते. रॉबर्ट व्हाइट यांनी १९५९ साली असे प्रतिपादन केले की, भूक-तहान याप्रमाणेच परिसरावर आपल्या कृतीचा परिणाम घडवून आणण्याची ओढ ही माणसाची मूळ प्रेरणा होय. सूझन हार्टर यांनी १९८२ साली मुलांच्या स्वक्षमतेच्या जाणिवेचे मापन करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची दोन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. एक, तिच्यात अभ्यास, समवयस्कांतील स्थान, शारीरिक कौशल्य आणि एकंदर स्वमूल्य यांची मोजणी निरनिराळी आहे. दोन, 'काही मुले अशी असतात, तर काही तशी, तू कोणासारखा?' अशी प्रश्नांची ठेवण असल्यामुळे कोणतेही उत्तर देण्यात मुलाला कमीपणा वाटू नये, याची काळजी घेतलेली आहे.

दरम्यान वर्तनदोषांची वैद्यकीय वर्गवारीही आकार घेत होती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९६८ च्या सूचीत बालपणीच्या वर्तनविकृतींचा स्वतंत्र गट आला आणि घरातून पळून जाणे हाही त्यात एक प्रकार म्हणून गणला गेला.

अशा मुलांना त्यांच्या क्षमतेविषयी विचारल्यावर मिळालेली उत्तरे अपेक्षेहून वेगळी निघाली. आक्रमक मूल स्वतःला हीन समजत असेल, हा सर्वसाधारण समज. परंतु आक्रमक तसेच अतिचंचल मुलांवरील अनेक अभ्यासांत असे आढळले की, त्यांतील पुष्कळ मुले आपली क्षमता शिक्षक किंवा सोबती सांगतात त्यापेक्षा अधिक सांगतात. नैराश्याची छटा असलेल्या मुलांत ही अतिशयोक्ती कमी असते किंवा उलट दिशेला जाते. या फुगीर उत्तराचा अर्थ काय, याविषयी मतभेद आहेत. मुलाला स्वतःचे परीक्षण करता येत नाही, असे एक मत; तो अपयशाची लाज झाकतो, असे दुसरे. १९९७ साली डीनर व मिलिच यांनी केलेल्या प्रयोगात अतिचंचल मुलग्यांना सोबत्याने त्यांच्याविषयी चांगले मत दिल्याचे सांगण्यात आले, तेव्हा त्यांचे स्वतःविषयीचे बोलणे अधिक फुगण्याऐवजी उतरले. म्हणजे बढाई ही निदान काही अंशी ढाल होती. वाराची भीती संपताच ती खाली ठेवली गेली. ही गोष्ट शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बढाईखोर मुलाची जिरविण्याने ती ढाल अधिकच घट्ट होण्याचा संभव असतो.

(७)

ही साधने शिंदखेड्याच्या वर्गात आणावयाची झाल्यास आणखी एक विचार करावा लागतो. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारला आणि तो गप्प राहिला, तर त्या मौनाचा अर्थ बुद्धीची उणीव, अवज्ञा की भाषेचे अंतर, हे प्रश्नावली स्वतः सांगू शकत नाही. कापूस वेचणीच्या हंगामात आईबापांबरोबर शेतात राबणारे मूल हजेरीपटावर केवळ गैरहजर असते. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाची व्यवस्था केली, ती इष्टच होती. परंतु शाळा सक्तीची होताच शाळाबाह्य कर्तबगारी ही नियमभंगाच्या सदरात पडू लागली. हार्टर यांची प्रश्नावली अमेरिकन मुलांच्या जगावरून घडलेली असल्याने बैल हाकणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, बाजारात हिशोब ठेवणे या क्षमतांना तिच्यात रकाना नाही.

मोजमापाचा प्रसंगच क्षमतेवर कसा परिणाम करतो, हे कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांच्या उत्तर प्रदेशातील प्रयोगाने दाखविले. खेड्यातील शाळकरी मुलग्यांना चक्रव्यूहाची कोडी सोडविण्यास दिली. जात उच्चारली गेली नाही, तेव्हा सवर्ण व दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सर्वांदेखत जात जाहीर केल्यावर दलित मुलांची कामगिरी लक्षणीय रीतीने घसरली. मुले तशीच, कोडीही तशीच. बदलली होती ती केवळ ओळख. पारध्यांच्या वसाहतीतील नोंदवहीचा परिणाम मुलांच्या मनावर काय झाला असेल, याची कल्पना या प्रयोगावरून करता येते.

(८)

मुंबईच्या १९४८ च्या कायद्याची जागा १९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने घेतली. त्यानंतर २००० व २०१५ या साली नवे अधिनियम झाले. २०१५ चा अधिनियम जानेवारी २०१६ पासून अंमलात आहे. त्याच्या पंधराव्या कलमानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करावयाचे असते. असा अपराध करण्याची मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची पात्रता आणि अपराध घडला ती परिस्थिती, या गोष्टी त्यात पाहावयाच्या असतात. त्या मुलाला प्रौढाप्रमाणे खटल्याला सामोरे जावे लागेल किंवा नाही, हे या मूल्यांकनावर अवलंबून असते. हे काम नाजूक असून मंडळातील सदस्यांना बालमानसशास्त्राची अर्हता नसेल तर तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली एका निर्णयात स्पष्ट केले.

१८६० ची दंडसंहिता आणि २०१५ चा अधिनियम यांची तुलना केली असता एक साम्य ठळकपणे जाणवते. दोहोंत मुलाच्या क्षमतेची चौकशी अपराधाच्या संदर्भात आहे. फरक इतकाच की, पूर्वी ती लहान मुलाला वाचविण्यासाठी होती आणि आता ती मोठ्या मुलाचे संरक्षण काढून घेण्यासाठीही वापरली जाऊ शकते. अशा चौकशीसमोर बसलेला, लाज झाकण्यासाठी बढाई मारणारा सतरा वर्षांचा मुलगा आपले सामर्थ्य फुगवून सांगेल, आणि ज्या उत्तराने तो स्वतःचा बचाव करू पाहतो तेच उत्तर त्याच्या पक्वतेचा पुरावा म्हणून वाचले जाईल, हा धोका काल्पनिक नाही.

त्याच अधिनियमाखालील नियमांत प्रत्येक मुलासाठी व्यक्तिगत देखभाल योजना तयार करण्याची तरतूद आहे आणि तिच्यात मुलाच्या अपेक्षा, शिक्षण, छंद व नातेसंबंध यांविषयीचे रकाने आहेत. ज्या प्रश्नाला दीड शतक जागा मिळाली नव्हती, त्याला निदान एका नमुन्यात जागा मिळाली, ही इतिहासाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. परंतु रकाना असणे आणि तो मुलाच्या शब्दांत भरला जाणे, यांत अंतर आहे. हे अंतर अमळनेरच्या छात्रालयात आणि कोसबाडच्या कुरणावर ज्या रीतीने कमी झाले, तीत एक समान धागा दिसतो. प्रथम मुलाला जमेल असे खरे काम त्याच्यापुढे आले, आणि त्याच्या क्षमतेविषयीचे मत मागाहून बनले. शिंदखेड्याच्या शाळेतील उनाड ठरलेल्या मुलाविषयी निर्णय देताना हा क्रम उलटा होणार नाही, एवढी दक्षता घेतली गेली, तरी त्या मुलाने स्वतःविषयी दिलेले उत्तर अधिक खरे येण्याची शक्यता आहे.